वर्गमित्राच्या निबंधावर शेरे लिहिताना

समजा, बंगळुरूमधल्या बेळ्ळंदूरच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला निबंधाचा विषय मिळाला आहे: ‘बेळ्ळंदूर तलावाचं पुनरुज्जीवन यशस्वी झालं आहे का?’ शेजारच्या बाकावरच्या मित्राचा कच्चा खर्डा तुमच्या हातात आहे आणि त्यावर तुम्हाला शेरे लिहायचे आहेत. हा मूल्यमापनाचा निबंध आहे. नुसती माहिती देऊन इथे भागत नाही. लेखकाला निवाडा द्यावा लागतो आणि तो कोणत्या निकषांवर दिला तेही दाखवावं लागतं. म्हणून शेरे लिहिणाऱ्याने आधी निवाडा, निकष आणि पुरावा एकमेकांना धरून आहेत का ते पाहायचं. ऱ्हस्व-दीर्घ सर्वांत शेवटी.

पहिलं वाचन पेन हातात न घेता, सलग करा. मग खर्डा पालथा ठेवा आणि लेखकाचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, ‘तुझ्या मते काम अर्धवट आहे, कारण गाळ काढला तरी सांडपाणी पूर्ण थांबलेलं नाही.’ हे वाक्य लिहिता आलं नाही, तर तेच लेखकाला कळवा. त्याचा निवाडा वाचकापर्यंत पोचला नाही, हे त्याला दुसरं कोणी सांगणार नाही.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि जिथे निकष दिसेल तिथे समासात ‘नि’ लिहा. सर्वाधिक वेळ इथे द्या, कारण खर्डा कच्चा राहतो तो बहुधा इथेच. ‘तलाव आता बराच सुधारला आहे’ या वाक्यात निकष नाही. सुधारला, पण कशावरून? फेस दिसत नाही म्हणून? हा निकष डोळ्यांना पटतो, पण तपासून पाहिला तर कमजोर ठरतो. फेस येतो तो सांडपाण्यातल्या साबण-डिटर्जंटच्या अंशामुळे, आणि पाणी सांडव्यावरून जोरात कोसळून घुसळलं जातं तेव्हा तो उसळतो. पाणी संथ असलेल्या दिवशी तोच अंश असूनही फेस दिसणार नाही. मग एका दिवसाच्या फोटोवरून निवाडा कसा देता येईल? याउलट, पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा मोजता येणारा निकष आहे. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात तो लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम असावा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं वर्गीकरण सांगतं. शेऱ्यात थेट विचारा: ‘तुझा तलाव कशासाठी सुधारायला हवा आहे? माशांसाठी, काठावर फिरणाऱ्यांसाठी, की पुढच्या शेतीसाठी?’ उत्तर बदललं की निकषही बदलतो.

आता प्रत्येक ‘नि’समोर पुरावा मांडून पाहा. कागदावर दोन रकाने केले तरी पुरे. या विषयावरच्या निबंधात जुन्या घटना भरपूर येतील: २०१५ साली फेसाने पेट घेतला, १९ जानेवारी २०१८ला लागलेली आग विझवायला लष्कराचे जवान आले, डिसेंबर २०१८मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्य सरकारला ५० कोटी रुपये भरायला सांगितले. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिल्या दोन, तलाव किती बिघडला होता ते सांगतात आणि तिसरी, सरकारच्या हलगर्जीबद्दल लवादाचं मत सांगते. सुधारणा झाली का, याचा पुरावा त्यानंतरचाच हवा. तसंच, किती गाळ उपसला हा केलेल्या कामाचा हिशेब झाला. पाणी स्वच्छ झालं का, हा प्रश्न त्याहून वेगळा. हा फरक एका शेऱ्याने दाखवलात तर अख्खा निबंध सावरू शकतो.

यानंतर विरुद्ध बाजू शोधा. बेळ्ळंदूरचं पाणी पुढे वर्तूर तलावात जातं. निबंध बेळ्ळंदूरच्या काठावरच थांबला असेल तर विचारा, ‘वर्तूरकडे राहणारा वाचक हे वाचून काय म्हणेल?’

तुमचं स्वतःचं मत मात्र शेऱ्यांत घुसू देऊ नका. तुमच्या इमारतीत संध्याकाळी दुर्गंधी येत असेल, म्हणून तुम्हाला ‘यशस्वी’ हा शब्द खटकेल. तरी प्रश्न एवढाच विचारायचा: मी उलट मताचा असूनही या पुराव्याने मला थबकायला लावलं का?

आता शेरे लिहायला घ्या. प्रत्येक शेऱ्यात तीन गोष्टी असाव्यात: नेमकी जागा, वाचताना तुमचं काय झालं, आणि पुढे करता येईल असं काही. ‘छान आहे’ वाचून लेखकाला काही करता येत नाही. ‘पुरावा कमी आहे’ हे अर्धंच सांगणं झालं. असं लिहा: ‘तिसऱ्या परिच्छेदात पक्षी परत आले म्हणतोस. कोणते, कधी, कोणी मोजले, हे मला कळलं नाही. नोंद असेल तर दे, नसेल तर हा मुद्दा काढून प्राणवायूचा परिच्छेद वाढव.’ कौतुकही इतकंच नेमकं हवं: ‘लवादाच्या आदेशानंतर तू लगेच सांडपाण्याकडे वळलास, तिथे मला तुझा युक्तिवाद पटायला लागला.’ मोठे शेरे तीनच ठेवा. दहा शेरे मिळालेला लेखक सर्वांत सोपे तेवढेच उरकतो. आणि त्याची वाक्यं तुम्ही पुन्हा लिहून देऊ नका. निबंध त्याचा आहे.

निबंध मराठीत असेल आणि लेखक बंगळुरूत वाढलेला असेल, तर कन्नड-इंग्रजी वळणाची वाक्यं येणारच. अर्थ अडतो तिथेच खूण करा. बोलीची लाज वाटायला लावणारा शेरा मुलाला मराठीत लिहिण्यापासूनच तोडतो, आणि हे नुकसान कोणत्याही शुद्धलेखनाने भरून निघत नाही.

कागद परत देताना समोर बसा, पण लगेच बोलू नका. त्याला शेरे वाचू द्या, प्रश्न विचारू द्या. एखादा शेरा त्याने कारण देऊन नाकारला तर मान्य करा. दुसरा खर्डा आला की नवे दोष शोधत बसू नका. आधीच्या तीन जागा काढून तिथे काय बदललं ते पाहा. एखादी जागा तशीच राहिली असेल तर शेरा कळला नाही, की पटला नाही, हे त्यालाच विचारा.