दिल्लीस निघालेल्या पुतणीस

चि. ताईस मोठ्या काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

दिल्लीच्या विद्यापीठात तुला प्रवेश मिळाल्याचे आणि मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने एकटीनेच निघण्याचा तुझा बेत कायम झाल्याचे वर्तमान तुझ्या बाबांकडून कळले. सोबत कोणी तरी द्यावे असे तुझ्या आईचे म्हणणे, तू आता सज्ञान आहेस असे बाबांचे. आणि माझी उभी हयात रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीमागे गेली, सबब या वादात लवाद म्हणून माझी नेमणूक झाली आहे. माझा निकाल तुझ्या बाजूने आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर चुलते होतेच, तरी झाशीच्या लुटीतून त्यांचे द्रव्य काही वाचले नाही. तुझी गाडीही झाशी-मथुरेवरूनच जाते. परंतु आज तो धामधुमीचा काळ नाही, आणि तुझ्या चुलत्याचे गुडघे त्याला वरच्या बर्थपर्यंत चढू देत नाहीत. तेव्हा तू एकटीच जा. मात्र त्या खिडकीमागे बसून जे मला समजले ते ऐकून जा.

फसगत झालेले नाना तऱ्हेचे लोक माझ्यापुढे येऊन उभे राहत. त्यांत खेड्यातून प्रथमच बाहेर पडलेले असत, तसे पदवीधर असत, आणि क्वचित दुसऱ्यांच्या फसवणुकीचे खटले चालविणारे वकीलही असत. हकीकती निरनिराळ्या, परंतु दोन गोष्टी त्यांत बहुधा आढळत: फसविणारा इसम आपण होऊन जवळ आला होता, आणि त्याने विचार करण्यास उसंत दिली नव्हती. गाडी रद्द झाली आहे, या तिकिटावर पलीकडच्या कचेरीतून शिक्का मारून आणावा लागतो, तुम्ही उतरणार ते हॉटेल कालच बंद झाले, असे काहीबाही सांगून हा मनुष्य बॅग उचलतो आणि चालूही लागतो. बॅगेमागून तिचा मालकही निमूटपणे चालू लागतो, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिले आहे की पुढे पुढे नुसत्या चालीवरून मला ती जोडी ओळखता येऊ लागली. नवी दिल्लीच्या स्थानकाबाहेर या दलालांची वर्दळ विशेष.

फलाटावर शेकडो माणसे उभी असतात आणि त्यांतील बहुतेक सर्व तुझ्या-माझ्यासारखीच सरळ असतात. म्हणून तू स्वतः पाहून, एखादे मुलाबाळांचे कुटुंब, चहाच्या स्टॉलवरचा मनुष्य किंवा गणवेषातला कर्मचारी निवडून काही विचारलेस, तर खरे उत्तर मिळण्याचाच संभव फार मोठा. परंतु त्याच गर्दीतून ज्याने नेमके तुलाच हेरले, त्याने तुझी नवी बॅग, भिरभिरती नजर आणि सोबत कोणी नसणे पाहून हेरले असण्याची शक्यता उपेक्षणीय नाही. तो कदाचित सज्जनही असेल. पण सज्जन असेल तर तू दहा मिनिटे थांबून खातरजमा केलीस म्हणून रागावणार नाही.

या नियमाला एक अपवाद सांगून ठेवतो. रेल्वे सुरक्षा दलाने २०२० साली ‘मेरी सहेली’ नावाची योजना देशभर सुरू केली. तीत दलातील स्त्रिया एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींची आपण होऊन विचारपूस करतात, त्यांच्या डब्याचा व आसनाचा क्रमांक टिपून घेतात आणि पुढच्या स्थानकांना कळवितात. अशी कोणी आली तर गणवेष व छातीवरील नावाची पट्टी पाहा आणि मोकळेपणाने बोल.

सामानाविषयी फार लिहीत नाही. खालच्या बर्थखाली लोखंडी कड्या असतात, त्यांतून साखळी ओवून बॅगेला कुलूप घालायचे ते जागेवर बसण्यापूर्वी. एकदा बसले, डबा उघडला, गप्पा सुरू झाल्या, की ते राहूनच जाते. फोन खिडकीशी धरून बोलत बसू नकोस, विशेषतः गाडी आउटरला रेंगाळत असताना किंवा स्थानकातून नुकती हलताना. चोराने हात घातला तरी चालत्या गाडीतून कोणी त्याच्यामागे उतरत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. घरचा, वसतिगृहाचा व माझा असे क्रमांक वहीत शाईने लिहून ठेव, कारण फोन गेला की पाठ असलेला क्रमांकही ऐन वेळी आठवत नाही.

अनोळखी माणसाने दिलेले खाणे-पिणे घेऊ नये, ही ताकीद आईने दिलीच असेल. अडचण आहे ती समोरच्याचे मन न मोडता नकार देण्याची. आज उपवास आहे, असे सांगावे. आपल्या मुलखात हा उपाय निरुपयोगी, कारण लगेच कोणी तरी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा पुढे करील. पण मनमाड-भुसावळ ओलांडल्यावर तो बराच लागू पडतो. दिल्लीत उतरवून घेण्यास कोणी येणार आहे काय, असे कोणी विचारले तर काका येणार आहेत म्हणून खुशाल सांग. त्या असत्याचे पातक माझ्या खाती जमा होऊ दे.

आता कायद्याची बाजू, जी लोकांना ठाऊकच नसते. १३९ हा रेल्वेचा मदतीचा क्रमांक, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलमही १३९ च. योगायोगच, पण लक्षात ठेवण्यास सोयीचा. त्या कलमान्वये, तिकिटात काही उणे निघाले तरी, सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीस रात्रीच्या वेळी गाडीतून उतरविता येत नाही. दिवसाही ती बसली ते स्थानक, एखादे जंक्शन, अंतिम स्थानक किंवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण यांखेरीज अन्यत्र उतरविता येत नाही. चोरी झालीच तर फिर्यादीसाठी वाटेत उतरून प्रवास मोडण्याचे कारण नाही. फिर्यादीचा छापील नमुना तिकीट तपासनिसाजवळ किंवा गार्डाजवळ मिळतो, तो भरून द्यावा, म्हणजे ते तो पुढच्या पोलीस ठाण्याकडे पोहोचवितात.

तुझी गाडी हजरत निजामुद्दीनला संपते, नवी दिल्लीस नव्हे. वसतिगृहाचा रस्ता त्या स्थानकापासून आधीच पाहून ठेव. उत्तरेत थंडीच्या दिवसांत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. अपरात्री पोहोचलीस तर उजाडेपर्यंत स्त्रियांच्या प्रतीक्षालयात बसून राहा. नंतर प्रीपेडच्या खिडकीवर भाडे भरून रिक्षा घे, आणि तिथे मिळालेली पावती चालकाने वाटेत मागितली तरी वसतिगृहाच्या फाटकाशी उतरून सामान खाली घेईपर्यंत त्याच्या हाती देऊ नकोस.

बाकी सर्व क्षेम. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मोठा काका