डबीवरील यादीविषयी

चि. मृणाल हीस,


फेस स्क्रबच्या डबीवरून उतरवून पाठविलेली जिन्नसांची यादी मी सावकाश वाचली; आणि त्यांतले चांगले कोणते व वाईट कोणते, या तुझ्या प्रश्नाचा परस्पर निकाल देण्यापेक्षा, प्रत्येक जिन्नसाची तेथे कोणत्या कामगिरीवर नेमणूक झाली आहे हे पाहण्याची सवय तुला लागावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आधी क्रम पाहा. आपल्याकडील कायद्याप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिण्यास मुभा असते. तुझ्या यादीत आरंभी पाणी आहे, आणि ज्याचे चित्र झाकणावर मिरवते ते केशर सुगंधद्रव्याच्या सोबतीने पार तळाशी. यावरून त्याच्या प्रमाणाचा अदमास तूच कर.

चेहऱ्याचे खरे काम करणारे दोघेच : कण आणि फेस. त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थर कागदाहूनही पातळ असून तरुण वयात तो काही आठवड्यांत आपोआप नवा होतो. अक्रोडाच्या कवचाची पूड घर्षणाने या मृत पेशींची गळती त्वरित करते, परंतु तिच्या कडा अनियमित असल्याने जोर केल्यास ओरखडे उठतात, तर साखरेचे कण चोळता चोळता विरघळत जातात म्हणून ते सौम्य. पूर्वी याच कामासाठी प्लॅस्टिकचे गोल मणी घालीत. ते सांडपाण्यातून नद्यांत व समुद्रात जाऊन साचू लागले, सबब अमेरिकेने २०१५ साली कायदा करून धुवून टाकण्याच्या प्रसाधनांतून त्यांना हद्दपार केले. दुसरे काम फेसाचे : सोडियम लॉरिल सल्फेट तेल व मळ उचलते, आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन त्याची तीव्रता कमी करते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवून नंतरचा कोरडेपणा काहीसा सावरते.

उरलेल्यांची चाकरी बहुतांशी डबीपाशी. मेणासारखे सिटाइल अल्कोहोल लेप दाट ठेवते. फिनॉक्सिइथेनॉल जंतूंचा बंदोबस्त करते, कारण जेथे पाणी तेथे त्यांची वस्ती ठरलेली. मसूर, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद यांच्या दिवाळीच्या उटण्यास असा पहारेकरी लागत नाही, तो ते सात्त्विक म्हणून नव्हे, कोरडे म्हणून. भिजवून ठेवलेस तर तेही नासेल.

यादीतले सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळत असल्याने रंध्रांत शिरू शकते, हे खरे. तथापि ज्या लेपाचा अंमल मिनिटभरात पाण्याने संपतो, त्यातील आम्लाकडून आणि विशेषतः फळाफुलांच्या अर्कांकडून मोठ्या करामतीची अपेक्षा धरणे व्यर्थ होय. म्हणून मोल द्यायचे ते कणांना आणि फेसाला दे; अर्कांसाठी जादा पैसे मोजू नकोस.

आठवड्यातून एकदा, ओल्या चेहऱ्यावर, बोटांच्या हलक्या स्पर्शाने लावणे पुरे. त्या दिवशी दुसरे कोणतेही आम्ल लावू नये. आणि चि. निखिलच्या सुजलेल्या मुरुमांवर ही डबी मुळीच चालवू नकोस. घासल्याने दाह वाढतो, त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे ने.

तुझ्या आईबाबांस माझा आशीर्वाद सांग. कळावे.

तुझी आत्या