कूलर खिडकीत की खोलीत?

यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा या बाजूला राहणाऱ्यांना नवतपा काय असतो हे सांगायला नको. दुपारी पारा ४३ अंशांवर जातो आणि कूलरवाचून खोलीत बसवत नाही. अशा वेळी पुष्कळ घरांत एक विचार पुढे येतो. खिडकीतल्या कूलरवर दिवसभर ऊन पडते, बाहेरची हवा आगीसारखी असते, मग तो स्टँडसकट आत आणून खाटेजवळ का ठेवू नये? घरातली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी तरी थंड असते, म्हणजे कूलर ती आणखी थंड करील!

विचार पटण्याजोगा वाटतो खरा. पण तो अमलात आणला की तासाभरात अंग चिकचिकते, जीव घाबरा होतो आणि दोष कूलरला दिला जातो. असे का होते ते पाहू या.

कूलरमध्ये पंप आणि पंखा यांखेरीज दुसरे यंत्र नाही. थंडावा येतो तो बाष्पीभवनातून. पंप ताट्या ओल्या ठेवतो आणि पंखा त्यांतून हवा ओढतो. १ किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. तिला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. ही उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा थंड होते. पण त्याच वेळी ती दमटही होते, आणि घोटाळा होतो तो याच ठिकाणी. माठातले पाणी गार होते तेव्हा वाफ बाहेर निघून जाते; कूलरची वाफ मात्र आपल्याच खोलीत येते.

हवा किती थंड होऊ शकेल यालाही मर्यादा आहे. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला, तर तो ज्या तापमानावर थांबतो ती ही मर्यादा. समजा, मेमधल्या दुपारी तापमान ४३ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. अशा वेळी ओला तापमापक साधारण २२ अंश दाखवील. दोहोंत अंतर २१ अंशांचे. चांगल्या ताट्यांचा कूलर यातले सुमारे तीन चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे हवा १६ अंशांनी उतरून २७ अंशांवर येते. आता जुलै घ्या. तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. ओला तापमापक २७ वर थांबतो. अंतर फक्त ३ अंश, आणि कूलर त्यातले दोन-सव्वादोन अंश मिळवून देतो. कूलर तोच, ताट्या त्याच. बदलली ती हवा.

आता खोलीकडे वळू. ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब, ३ मीटर उंच अशा खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. ३० अंश तापमानाची १ घनमीटर हवा फार तर ३० ग्रॅम बाष्प सामावून घेते. म्हणजे सगळ्या खोलीला १ लीटरच्या थोडे वर पाणी पुरे, आणि त्यातले पाव-तीनशे ग्रॅम तर हवेत आधीच असते. उलट कूलरचा पंखा तासाला १५०० घनमीटर हवा फेकत असेल, तर ती १६ अंशांनी थंड करायला दर घनमीटरला ७ ग्रॅम, म्हणजे तासाला सुमारे १० लीटर पाणी उडावे लागते. बंद खोलीत लीटरभरालाही जागा नाही! काही मिनिटांतच हवा संपृक्त होत येते, बाष्पीभवन मंदावते आणि आपला घामही वाळेनासा होतो. भिंती आणि टिनाचे छत मात्र उष्णता सोडतच राहतात. म्हणजे आपण मेमध्येच घरात जुलै आणला.

तेव्हा कूलरची पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडेच हवी. त्याहून जास्त दुर्लक्ष होते ते हवेच्या दुसऱ्या वाटेकडे. कूलर खिडकीत आहे, पण 'थंडावा जाऊ नये' म्हणून समोरचे दार घट्ट लावले आहे, हे दृश्य घरोघर दिसते. आत येणाऱ्या हवेइतकीच हवा बाहेर गेली पाहिजे. नाहीतर पंखा नुसता घोंघावतो आणि नवी हवा आत येतच नाही. समोरच्या बाजूचे दार वा खिडकी वीतभर उघडी ठेवा आणि फटीत कागदाची पट्टी धरा. ती बाहेरच्या दिशेने फडफडली की वाट बरोबर आहे. ऊन लागते हे खरे; त्याला उपाय सावलीचा. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी बरी. ती नसेल तर वर छपरी बांधा, पण ताट्यांना खेटून पडदा लावू नका.

तासाला १० लीटर म्हणजे आठ तासांना ८० लीटर. निळोणा आणि चापडोह धरणांच्या पाण्यावर वाढलेल्या यवतमाळ शहराने २०१८ च्या उन्हाळ्यात भीषण टंचाई सोसली, तेव्हा हा आकडा लहान नव्हे. बंद खोलीतल्या कूलरचे पाणी कमी उडते म्हणून ती बचत समजू नये. तितका गारवाही कमी मिळतो.

मृगाचा पाऊस पडला की हीच ओल दुसरे रूप घेते. दमट हवा गार पृष्ठभागाला लागली आणि त्याचे तापमान दवबिंदूच्या खाली असले, की तेथे पाणी सुटते. पावसाळ्यात फरशी ओलसर होते ती पुष्कळदा याच कारणाने. अमेरिकेत पुष्कळ घरांच्या फळ्यांच्या जमिनीखाली दोन-चार फुटांची पोकळी सोडतात आणि काही ठिकाणी घर तापवण्याची भट्टी तिथेच ठेवतात. उन्हाळ्यात ३० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा त्या पोकळीत शिरते. तिचा दवबिंदू सुमारे २१ अंश. मातीलगतचे लोखंडी नळ त्याहून गार असले की त्यांवर थेंब जमतात आणि गंज चढतो. मग मातीवर प्लास्टिक अंथरून ओल अडवतात, नाहीतर भट्टीच वरच्या कोरड्या खोलीत हलवतात. पण हलवताना जळणाला लागणारी हवा कोठून येईल आणि धूर कोठून जाईल हे आधी ठरवावे लागते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतते. आपल्याकडे थंड करायचे, त्यांच्याकडे तापवायचे. हवेच्या येण्याजाण्याचा प्रश्न मात्र तोच.

कूलर हलवताना जिवाचा धोका आपल्याकडेही आहे, तो विजेचा. आतल्या खोलीत तीन पिनांचे सॉकेट नसते, म्हणून दोन तारांची लांब वायर जोडली जाते आणि अर्थिंग सुटते. पंपाच्या वायरचे आवरण झिजून ती पत्र्याला लागली, तर पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. ओल्या अंगाचा रोध १००० ओहमच्या आसपास उतरू शकतो. ओहमच्या नियमाने प्रवाह २३० मिलिअँपिअर. हृदयाला ३० मिलिअँपिअरपासूनच धोका मानतात. अर्थिंग असूनही भागत नाही. मेमध्ये काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्याचा रोध ५० ओहम झाला, तर २३० भागिले ५०, म्हणजे जेमतेम ४.६ अँपिअर प्रवाह जाईल. १५ अँपिअरचा फ्यूज हूं की चूं करणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील! म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतावे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा, तो एवढ्याशा गळतीनेही वीज तोडतो. टाकीत पाणी भरताना नुसते बटण बंद करू नका, प्लग काढा. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून वाळवा. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो, शिवाय विंधन विहिरीच्या जड पाण्याचे क्षारही निघून जातात.

सुटीत करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. सारखे दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला पातळ सुती कापड गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही सावलीत, कूलरच्या बाहेरच्या बाजूला टांगा, चार मिनिटे विंझणवारा घाला आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. त्यांच्या फरकाचे तीन चतुर्थांश काढा. मग कोरडा तापमापक कूलरमधून येणाऱ्या हवेत धरा, मात्र पत्र्याला हात लावू नका. हवा तेवढी उतरली नसेल तर आधी ताट्या वरपर्यंत भिजतात का ते पाहा, मग क्षारांनी त्या बुजल्या आहेत का ते. खोलीला त्रास होत असेल तर दाराची फट पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत रोज दुपारी तीन वाजता नोंद ठेवा. ज्या दिवशी दोन तापमापकांतला फरक ४ अंशांच्या आत येईल, त्या दिवशी टाकी रिकामी करून कोरडी करा, पंप बंद ठेवा आणि नुसता पंखा चालू द्या.