पेंग्विन नंतर, आधी गोरखचिंच

वडवणीहून मुंबईला जाणं होतं ते मंत्रालयातल्या कामासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर पाव्हण्यांच्या लग्नाला. काम उरकून अर्धा दिवस हाती राहिला, तर चौपाटीचा नाद सोडून भायखळ्याला उतरा. पूर्वेला बाहेर पडलं की दहा-पंधरा मिनिटं चालत राणीबाग. फक्त बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते. रविवारही टाळला तर उत्तम. गर्दीत झाड दिसत नाही.

ही मूळची प्राण्यांची बाग नव्हे. शिवडीतली कृषी-उद्यान संस्थेची बाग 1861 मध्ये गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी घ्यायची ठरली, तेव्हा माझगावच्या माउंट इस्टेटीवर नवी वनस्पतिबाग उभी राहिली. 19 नोव्हेंबर 1862 ला लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांना खुली झाली. 1873 मध्ये ती महापालिकेकडे आली आणि प्राणिसंग्रहालयासाठी जागा वाढवली गेली ती 1890 मध्ये. झाडं इथली मूळ मालक. वाघ, पेंग्विन मागाहून आलेले भाडेकरू.

पोरं सोबत असतील तर ती पेंग्विनकडेच ओढणार. ओढू द्या, पण आधी गोरखचिंचेपाशी थांबा. मूळची आफ्रिकेची. पावसाळ्यात बुंध्यात पाणी साठवायचं, उन्हाळ्यात पानं गाळून तग धरायचा, ही तिची रीत आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मग दक्षिण अमेरिकेचा कैलाशपती बघा: त्याची फुलं फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडावर लागतात, आणि फळं तोफगोळ्याएवढी. त्याच्याखाली मात्र उभं राहू नका. ब्रह्मदेशातली उर्वशी फुललेली बघायची तर हिवाळ्यात या. सीतेचा अशोक, कृष्णवड आणि मेणबत्तीसारखी फळं धरणारं झाड शोधायला माळ्याची मदत घ्या. पाटी नसेल तिथे त्याच्याइतका जाणता कोणी नाही. पडलेलं फूल उचलून बघा, झाडावरचं तोडू नका.

मोठ्या माणसाचं तिकीट पन्नास रुपये. तिकीट खिडकी बाग बंद होण्याच्या बरीच आधी बंद होते, तेव्हा सकाळीच पोचलेलं बरं. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तेही बुधवारी बंद. त्याचं तिकीट वेगळं. तिथला दगडी हत्ती चुकवू नका. घारापुरी बेटाला ‘एलिफंटा’ नाव पडलं ते ह्याच्यामुळे. 1864 मध्ये त्याला विलायतेला न्यायला निघाले आणि उचलताना तो फुटला. तुकडे जोडून पुन्हा उभा केला, म्हणून आज आपल्याला बघायला मिळतो.