पाण्याची शुद्धी आणि पाण्याचे मोजमाप

महाडच्या चवदार तळ्याचा धडा आम्ही दरवर्षी मार्च महिन्यात शिकवतो. २० मार्च १९२७ ही तारीख वसतिगृहातील लहानात लहान मुलालाही पाठ असते. परंतु तिच्या मागची एक आणि पुढची एक गोष्ट बहुधा निसटून जाते. मागची अशी की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच संमत झाला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. हक्क कागदावर होता, ओंजळीत नव्हता. पुढची अशी की, बाबासाहेब व त्यांचे अनुयायी पाणी प्याल्यानंतर सनातन्यांनी तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केले. शेण व गोमूत्र मिसळल्याने पाणी शुद्ध होते, असे मानणारी ती शुद्धी!

गेल्या वर्षी हा धडा संपल्यावर आठवीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग आपल्या बोअरचे पाणी शुद्ध आहे हे कोणी ठरवले?" "दिसते तर स्वच्छ," असे आम्ही म्हणून गेलो आणि लगेच ओशाळलो. प्रस्तुत लेख हे तिला द्यावयाचे राहिलेले उत्तर होय.

पाण्यातील जे डोळ्यांना दिसत नाही व जिभेला कळत नाही, त्यात लोकांना सर्वाधिक भय वाटते ते किरणोत्साराचे. वस्तुतः प्रत्येक खडकात युरेनियमचा काही अंश असतोच. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४५० कोटी वर्षे, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या वयाएवढा. त्याचा क्षय होताना रेडियम आणि रेडॉन निर्माण होतात व झिरपणारे पाणी हे सारे थोडेथोडे विरघळवून घेते. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम अधिक, तर बेसॉल्टमध्ये पुष्कळच कमी असते. आपला जालना जिल्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडलेल्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. म्हणून या बाबतीत अफवांनी घाबरून जाण्याचे आपल्याला कारण नाही.

हा काळा पाषाण जेथे संपतो तेथे मात्र चित्र पालटते. भीमा नदी म्हणताच आपल्या समाजाला कोरेगाव आठवते. तीच भीमा पंढरपूर, सोलापूरच्या बाजूने पुढे कर्नाटकात जाते. तिच्या खोऱ्यात, यादगीर जिल्ह्यातील गोगी येथे चुनखडक व ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचा साठा सापडला आहे. १९५६ पर्यंत जालना आणि यादगीर एकाच हैदराबाद राज्यात होते, हे इतिहासाच्या शिक्षकाने सांगायला हवेच. खाण असो वा नसो, अशा खडकातील विहिरींच्या पाण्यात निसर्गतःच युरेनियम उतरू शकते.

खाण आली की त्यात माणसाच्या करणीची भर पडते. झारखंडमधील जादूगुडा येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून युरेनियम काढले जात आहे. तेथील खनिज इतके हलके की एका टनातून किलोभरही युरेनियम निघत नाही. उरलेला दळलेला गाळ तलावांत साठवतात. युरेनियम काढून घेतल्यावरही मूळ खनिजातील सुमारे ८५ टक्के किरणोत्सार त्या गाळातच राहतो, कारण रेडियम मागे उरते. तलावांच्या आसपास संथाळ, हो, मुंडा आदिवासींच्या वस्त्या आहेत. गावकऱ्यांच्या संघटनांनी व्यंग व आजारांकडे बोट दाखवले. कंपनीने त्यांचा खाणीशी संबंध नाकारला. या वादात पाणी पिणाऱ्याच्या हाती स्वतःचे मोजमाप नसेल, तर त्याचे म्हणणे केवळ तक्रार ठरते. आम्हाला महाडचा कागदी ठराव आठवतो तो येथे.

पाण्यातील युरेनियमची पहिली इजा किरणांची नसते, रसायनाची असते, आणि ती मूत्रपिंडाला होते. रेडियम कॅल्शियमसारखे वागून हाडांत जाऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेने युरेनियमसाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने ६० ठरवली होती. मर्यादाही माणसेच ठरवतात, हे यावरून मुलांना कळावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, रेडॉन वायू उडून जातो, परंतु युरेनियम जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. आरओ यंत्राने ते बरेचसे निघते, पण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी आपण कोठे सोडतो?

आपल्याकडे खरी काळजी करावयाची ती नायट्रेट आणि फ्लोराइडची. खत, उकिरडा व शोषखड्डे यांतून नायट्रेट विहिरीत येते. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या बाळांना ते विशेष घातक. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की दातांवर डाग पडतात, पुढे हाडे वाकतात. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा मिळेल ते पाणी आपण प्यालो. तपासण्याची सवड कोणाला होती? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. नेहमीच्या तपासणीत युरेनियम बहुधा नसते, ते वेगळे मागावे लागते.

त्या विद्यार्थिनीच्या वर्गाने भोजनगृहाच्या भिंतीवर आता एक फळा लावला आहे. त्यावर नमुना घेतल्याची तारीख, नायट्रेट, फ्लोराइड आणि क्षार असे रकाने आहेत. शेवटचा रकाना युरेनियमचा असून तो अद्याप रिकामा आहे. तो पुसू नये, असे मुलींनी खाली खडूने लिहून ठेवले आहे.