संकेतस्थळ आणि शोधयंत्र : काही नेहमीचे दोष व त्यांवरील उपाय

१. असून नसल्यासारखे

एखाद्या तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे, अशी कल्पना करा. गेल्या शतकातील मासिकांचे बांधीव खंड तेथील कपाटांतून जपून ठेवलेले आहेत. कार्यकारी मंडळाने वर्गणी जमवून वाचनालयाचे संकेतस्थळ तयार करविले आणि त्या खंडांची यादी त्यावर ठेवली. तिकडे बडोद्यास राहणारी एक विद्यार्थिनी आपल्या प्रबंधासाठी नेमका त्यांपैकीच एक खंड शोधीत आहे. ती शोधयंत्रात मासिकाचे नाव व वर्ष लिहिते. परंतु या वाचनालयाचा मागमूसही तिला लागत नाही. खंड कपाटात आहे, यादी संकेतस्थळावर आहे, आणि तरीही वाचकापुरते पाहिल्यास दोन्ही नसल्यासारखीच आहेत.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक एस्. आर्. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ व वाचक यांची गाठ पडली पाहिजे आणि ती पडण्यात वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, हा त्या नियमांतील एक प्रमुख आशय होय. आज ही गाठ पुष्कळदा शोधयंत्रांच्या द्वारे पडते. म्हणून ज्या शाळेचे वा वाचनालयाचे संकेतस्थळ आहे, तिने शोधयंत्राची रीत जाणून घेणे अगत्याचे आहे. ही रीत समजण्यास अवघड नाही.

२. शोधयंत्राचे कार्य

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत ज्या जागतिक माहितीजालाची कल्पना मांडली, त्याचे मर्म दुव्यांत आहे. एका पृष्ठावरील दुवा दुसऱ्या पृष्ठाकडे नेतो, तेथील दुवा तिसऱ्याकडे. शोधयंत्राचा संचारक, म्हणजे आपोआप चालणारा एक संगणकीय कार्यक्रम, याच दुव्यांच्या वाटेने पृष्ठामागून पृष्ठ पाहत जातो. ही पहिली पायरी होय.

पाहिलेल्या पृष्ठातील शब्द वेगळे काढून कोणता शब्द कोणत्या पृष्ठांवर आहे याची सूची करणे, ही दुसरी पायरी. जाड ग्रंथाच्या अखेरीस विषयसूची असते, तिच्याशी हिचे पुष्कळ साम्य आहे. आपण प्रश्न विचारतो तेव्हा यंत्र जगभर धावत सुटत नाही; ते आधीच तयार असलेली सूची उघडते.

सूचीत हजारो पृष्ठे निघाली तर आधी कोणते दाखवावे, हे ठरविणे ही तिसरी पायरी. १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी यासाठी एक युक्ती प्रसिद्ध केली. ज्या पृष्ठाकडे इतर पृष्ठे दुव्याने बोट दाखवितात, त्याचे वजन अधिक. आणि बोट दाखविणारे पृष्ठ स्वतः वजनदार असेल तर त्याची शिफारस अधिक मोलाची. याच कल्पनेवर त्या वर्षी गूगल कंपनीची उभारणी झाली. आज क्रम ठरविताना इतरही अनेक गोष्टी विचारात घेतल्या जातात. तथापि पायऱ्या त्याच तीन आहेत.

वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी मुख्य गोष्ट येथेच आहे. पृष्ठापर्यंत पोहोचता आले नाही तर ते वाचता येत नाही, आणि वाचता आले नाही तर त्याला क्रम मिळत नाही. सामान्यतः लोक तिसऱ्या पायरीवर श्रम व पैसा खर्च करितात. दोष मात्र पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर असतो. म्हणून दोषांचा शोध पायरीच्या क्रमानेच घ्यावा.

३. वाट बंद असणे

संकेतस्थळाच्या मुळाशी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक छोटी फाइल ठेवण्याचा प्रघात १९९४ साली सुरू झाला व २०२२ साली त्याला रीतसर मानकाचे रूप आले. संचारकाने कोठे जाऊ नये, हे तीत लिहिलेले असते. मनाईच्या शब्दापुढे काहीच लिहिले नाही तर कोणतीच मनाई नाही. पण त्यापुढे नुसती एक तिरपी रेघ दिली, तर संपूर्ण संकेतस्थळ बंद! संकेतस्थळ बांधले जात असताना अर्धवट पृष्ठे कोणाला दिसू नयेत म्हणून बांधणारा ही रेघ घालतो आणि काम पुरे झाल्यावर ती काढावयास विसरतो. एका रेघेपायी कित्येक महिने संस्था अदृश्य राहते.

याच जातीची दुसरी सूचना पृष्ठाच्या अंतर्भागात असते. तिला ‘नोइंडेक्स’ म्हणतात. ‘हे पृष्ठ सूचीत घेऊ नये’ असा तिचा अर्थ. या दोन सूचनांतील भेद नीट ध्यानात घ्यावा. पहिली सूचना संचारकास दारातच अडविते. परंतु दुसऱ्या कोणी त्या पृष्ठाकडे दुवा दिला असेल, तर पृष्ठ न वाचताही त्याचा नुसता पत्ता सूचीत येऊ शकतो. दुसरी सूचना पाळली जाण्यासाठी मात्र संचारकाने आत येऊन ती वाचली पाहिजे. म्हणून एखादे पृष्ठ सूचीत नको असल्यास ‘नोइंडेक्स’ लिहावे व दार उघडे ठेवावे. दोन्ही सूचना एकदम दिल्यास दुसरी वाचलीच जात नाही.

शाळांनी येथे विशेष सावध राहावे. या सूचना म्हणजे कुलूप नव्हे. विद्यार्थ्यांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक यांसारखी खाजगी माहिती केवळ अशा सूचनेच्या भरवशावर संकेतस्थळावर ठेवू नये. रोबोट्सची फाइल कोणासही उघडून वाचता येते. कोणती जागा लपविली आहे, हे तिच्यावरूनच कळते. अशी माहिती संकेतशब्दाच्या आड ठेवावी, किंवा मुळीच ठेवू नये.

कधी वाट बंद नसते, ती मुळी नसतेच. ज्या पृष्ठाकडे संकेतस्थळावरील एकही दुवा जात नाही, ते संचारकास सहसा सापडत नाही. वाचनालयाची यादी जर केवळ रकान्यात नाव लिहून शोधल्यावरच दिसत असेल, तर तीही अशीच अडकून पडते. कारण संचारक सामान्यतः रकाने भरीत बसत नाही. यादीची वर्षवार वा अक्षरवार पृष्ठे करून त्यांना मुखपृष्ठापासून दुवे द्यावेत. त्याखेरीज सर्व पत्त्यांची एक यादी, म्हणजे ‘साइटमॅप’, शोधयंत्रांना सादर करण्याची सोय २००५ पासून आहे. अशा एका फाइलमध्ये ५०,००० पर्यंत पत्ते मावतात.

४. अक्षरे नव्हेत, अक्षरांची चित्रे

मराठी संकेतस्थळांचा सर्वांत मोठा दोष दुसऱ्या पायरीवरचा आहे. सूचनाफलकावरील कागदाचे छायाचित्र घेऊन ते तसेच संकेतस्थळावर चढविण्याची पद्धत सर्वत्र दिसते. डोळ्यांना ते पत्रक आहे. यंत्राच्या दृष्टीने ते प्रायः ठिपक्यांचे चित्र आहे. काही यंत्रे चित्रातील अक्षरे ओळखण्याचा यत्न करितात, परंतु त्यावर विसंबून राहता येत नाही. मजकूर टंकलिखित करून पृष्ठावर घालावा व हवे असल्यास मूळ कागदाचे चित्र सोबत जोडावे. चित्रासाठी ‘पर्यायी मजकूर’ म्हणून जी जागा असते तीत त्याचे थोडक्यात वर्णन लिहावे. अंध वाचकांचे वाचनयंत्रही तेच वर्णन वाचून दाखविते. तेव्हा एका श्रमात दोन कामे साधतात.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. जुन्या काळी संगणकावर मराठी उमटविण्यासाठी जे टंक वापरीत, त्यांपैकी पुष्कळांत साठविलेला संकेत रोमन अक्षराचाच असे. फक्त त्याला देवनागरी वळणाचा पोशाख चढविलेला असे. तो विशिष्ट टंक जवळ असेल त्यास ‘वाचनालय’ दिसते. शोधयंत्रास मात्र रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची निरर्थक सरमिसळ दिसते. १९९१ साली युनिकोड मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली व देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हास स्वतःचा क्रमांक मिळाला. तेव्हा जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार बारकाईने तपासणे, हा यावरील उपाय होय.

परीक्षा सोपी आहे. पृष्ठावरील एक ओळ निवडून तिची नक्कल साध्या लेखनपटावर उतरवावी. मराठी ओळ जशीच्या तशी उतरली, तर यंत्रास ती वाचता येते. निरर्थक अक्षरे उतरली, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर दोष तेथेच आहे.

५. शीर्षक आणि शब्द

प्रत्येक पृष्ठास एक शीर्षक देण्याची सोय असते, व शोधाच्या उत्तरांत बहुधा तेच मोठ्या अक्षरांत दिसते. अनेक संकेतस्थळांवर सर्व पृष्ठांचे शीर्षक ‘मुखपृष्ठ’ किंवा नुसते संस्थेचे नाव असते. पन्नास पुस्तकांच्या पाठीवर एकच नाव छापावे, तसाच हा प्रकार. ‘मासिकांचे जुने खंड, वर्षवार यादी’ असे लिहून पुढे वाचनालयाचे व गावाचे नाव द्यावे.

मजकुरात वाचकाचे शब्द असावेत. संस्था ‘ग्रंथसंग्रह’ लिहिते. शोधणारा ‘वाचनालय’ किंवा ‘लायब्ररी’ लिहितो. हे शब्द ओघाने येतील अशी वाक्ये लिहावीत. मात्र तोच शब्द वीस वेळा कोंबू नये.

६. एका मजकुराचे अनेक पत्ते आणि मोडलेले पत्ते

एकच पृष्ठ कधी दोन-तीन पत्त्यांवर उघडते. अशा वेळी शिफारशीचे वजन विभागले जाते व भलताच पत्ता सूचीत येतो. मुख्य पत्ता कोणता हे पृष्ठातच नमूद करण्याची ‘कॅनॉनिकल’ नावाची खूण २००९ पासून प्रमुख शोधयंत्रे मानू लागली आहेत. तिचा उपयोग करावा. याउलट, मराठी व इंग्रजी मजकूर एकाच पत्त्यावर कळ दाबून बदलत असेल, तर संचारकास बहुधा एकच भाषा दिसते. प्रत्येक भाषेस स्वतंत्र पत्ता असावा.

संकेतस्थळाचे नूतनीकरण होताना जुने पत्ते मोडतात व इतरांनी दिलेले दुवे निष्फळ होतात. घर बदलल्यावर आपण टपाल कचेरीस नवा पत्ता कळवितो, तद्वत प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पृष्ठाकडे ३०१ क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन द्यावे. सर्वांना सरसकट मुखपृष्ठाकडे धाडू नये. जे पृष्ठ खरोखरच उरले नाही, त्यासाठी सर्व्हरने ४०४, म्हणजे ‘पृष्ठ नाही’, असे स्पष्ट उत्तर द्यावे.

७. मंद पृष्ठे व मोबाईल

गूगल आता पृष्ठाचे मोबाईलवरील रूप सूचीसाठी आधारभूत धरते. मोबाईलवर जागा नाही म्हणून जो मजकूर गाळला, तो सूचीतूनही गळतो. तसेच पृष्ठातील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असे मान गूगलने २०२० साली सांगितले. बहुतेक वेळा मंदपणाचे कारण एकच असते : समारंभाची अवाढव्य छायाचित्रे. ती लहान करून घालावीत. खेड्यातील अशक्त जोडणीवर वाचणाऱ्यास याचा लाभ शोधयंत्राहूनही अधिक होतो.

८. खोटे उपाय

पैसे देऊन विकत घेतलेले दुवे, पांढऱ्या पटावर पांढऱ्या अक्षरांत लपविलेले शब्द, दुसरीकडून उतरविलेले लेख, हे उपाय सुचविणारे पुष्कळ भेटतात. गूगलने २०११ साली सुमार मजकुराविरुद्ध व २०१२ साली बनावट दुव्यांविरुद्ध आपल्या गणितात मोठे बदल केले. अशा युक्त्यांनी वर चढलेली अनेक पृष्ठे त्यानंतर खाली गेली. ‘कीवर्ड’ म्हणून पृष्ठाच्या पोटात शब्दांची जी यादी लिहितात, ती क्रम ठरविताना आपण विचारात घेत नाही, असेही गूगलने २००९ साली सांगितले आहे. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यास पैसे देऊ नयेत; तशी हमी देणे कोणाच्याच हाती नाही.

९. तपासणीचा क्रम

शोधयंत्रात रोमन लिपीतील ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि त्याला जोडून आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. सूचीतील पृष्ठे अदमासे दिसतील. एकही न दिसल्यास बहुधा दोष पहिल्या पायरीवर आहे. पृष्ठे दिसतात पण शीर्षके विचित्र वा निरर्थक असतील, तर दुसऱ्या पायरीवर. सर्व ठीक असून क्रम खालचा असेल, तरच तिसरीचा विचार करावा. अधिक तपशील ‘गूगल सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात मिळतो. दुरुस्तीनंतर फळ दिसण्यास काही दिवस, क्वचित काही आठवडे लागतात. तोवर रोज नवे बदल करीत बसू नये, नाहीतर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही.

अलीकडे शोधयंत्रे दुव्यांच्या जोडीने स्वतः रचलेले संक्षिप्त उत्तरही देऊ लागली आहेत. तरीही मूळ अट बदललेली नाही : पृष्ठ सापडले पाहिजे, वाचता आले पाहिजे आणि त्यात सांगण्यासारखे काही असले पाहिजे. आपल्या वाचनालयाने ती रेघ काढली, यादी युनिकोडमध्ये उतरविली व प्रत्येक पृष्ठास नाव दिले, तर बडोद्याच्या विद्यार्थिनीस तो खंड सापडण्याचा मार्ग मोकळा होईल. कपाट उघडून तो तिच्या हाती देणे, हे काम मात्र पूर्वीप्रमाणे ग्रंथपालाचेच आहे.

अभ्यास

१. आपल्या शाळेच्या वा वाचनालयाच्या संकेतस्थळावरील पाच पृष्ठांची शीर्षके लिहून काढा. केवळ शीर्षकावरून पृष्ठातील विषय कळतो काय?
२. त्याच पृष्ठांवरील प्रत्येकी एक ओळ साध्या लेखनपटावर उतरवून पाहा. काय आढळले?
३. मनाईची सूचना आणि कुलूप यांतील भेद उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. ग्रंथाच्या अखेरची विषयसूची व शोधयंत्राची सूची यांत साम्य कोणते आणि भेद कोणता?