हायलाइट्सचा वर्षभराचा हिशेब

सलूनच्या दरपत्रकात हायलाइट्ससमोर लिहिलेला आकडा फक्त पहिल्या दिवसाचा असतो. उजळलेले केस सांभाळण्याचा खर्च पुढे महिन्यागणिक येत राहतो, आणि तो सहसा कुणी आधी सांगत नाही. म्हणून खुर्चीत बसण्यापूर्वीच वर्षाचा हिशेब मांडा.

समजा केस खांद्यापर्यंत आहेत आणि सलूननं ६,००० रुपये सांगितले. (पुढचे आकडेही नमुन्याचे आहेत, तुमच्या सलूनचे आणि दुकानाचे दर त्यात घाला.) ब्लीचनं काळा रंग उतरला की आपल्या केसांत आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळी छटा उघडी पडते. ती दबवायला टोनर लावतात. तो सहा-आठ आठवड्यांत उतरतो. वर्षातून पाच वेळा १,२०० प्रमाणे टोनरचेच ६,००० झाले. दर तीन महिन्यांनी टोकं कापायचे ४०० धरले तर १,६००. सौम्य, सल्फेट नसलेला शाम्पू आणि कंडिशनर मिळून १,००० ला, जोडी दोन महिने पुरते: ६,०००. पिवळेपणा मारणाऱ्या जांभळ्या शाम्पूच्या दोन बाटल्या १,८००, मास्कचे तीन डबे २,४००. बेरीज २३,८००. म्हणजे सहा हजारांचं काम चोवीस हजारांच्या घरात गेलं, आणि मुळाशी उगवलेले काळे केस पुन्हा उजळण्याचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. मुळापासून उजळलेल्या केसांत तीन-चार महिन्यांत काळी पट्टी ठळक दिसते. तेच काम मुळापासून थोडं खाली, फिकट होत जाणारं करून घेतलं (सलूनमध्ये त्याला बालायाज म्हणतात), तर वाढ डोळ्यांत खुपत नाही. पहिल्या दिवशी ते थोडं महाग पडतं, पण वर्षात वाचवतं. तेवढंही झेपणारं नसेल तर चेहऱ्याभोवतीच्या चार बटा उजळा. उरलेले केस शाबूत राहतात.

ब्लीचमध्ये मिसळायचा डेव्हलपर कितीचा वापरणार, हे बिनदिक्कत विचारा. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. एकाच बैठकीत पांढरट सोनेरी करून देतो म्हणणाऱ्यापेक्षा, मध्ये काही आठवडे सोडून दोन बैठका घ्या म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास आहे. आणि केसांचा इतिहास लपवू नका. चाळीस सेंटिमीटर लांब केसाचं टोक जवळजवळ तीन वर्षांपूर्वी उगवलेलं असतं, त्यामुळे तेव्हाची मेंदी अजून त्यात आहे. काही तयार मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. ब्लीच लागताच असे केस तापून तुटू शकतात. आधी एका बटेवर चाचणी करून घ्या. रंगाची ॲलर्जी पाहण्यासाठी कानामागे थोडा रंग लावून ४८ तास थांबा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते: ब्लीच झालेल्या केसांवर केस सरळ करणारं स्मूदनिंग करून घेऊ नका. ब्लीचनं केसातले सल्फरचे बंध आधीच कमी झालेले असतात आणि स्मूदनिंगचं रसायन नेमके तेच तोडतं. मग केस हातात येतात. तुटलेला केस कुठल्याही बाटलीनं सांधत नाही, कारण डोक्याबाहेरचा केस जिवंत नसतो. केराटिनचा लेप काही महिने चमक देतो, पण त्यातल्या काही प्रकारांत तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. डोळे चुरचुरले तर सरळ उठा. हेअर स्पा म्हणजे बहुतांशी कंडिशनर, वाफ आणि मालिश. आराम म्हणून घ्या, उपाय म्हणून नको. पैसे घालायचेच असतील तर ब्लीचच्या वेळी वापरायच्या, हे बंध जपणाऱ्या बॉण्ड बिल्डरवर घाला.

स्वस्तातलं सगळ्यांत भरवशाचं औषध घरातच आहे. न्हाण्याआधी रात्री टोकांना खोबरेल लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी जातात. ओले केस विंचरताना रुंद दातांचा कंगवा घ्या, टोकाकडून सुरुवात करा. पुण्यातल्या वाघोली, उंड्रीसारख्या टँकर आणि बोअरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत केस लवकर राठ होतात. तिथे शेवटचे दोन तांबे आरओ यंत्राच्या पाण्याचे घ्या आणि महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरा. तरणतलावात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्यानं चिंब करा, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं.

बिल मात्र नीट वाचा. सलूनच्या सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. नोंदणी नसलेल्या छोट्या पार्लरला तो लावताच येत नाही. टोनर, धुणं आणि ब्लो-ड्राय त्या ६,००० मध्येच आहे का, हे आधी लिहून घ्या. केस खराब झाले तर त्याच दिवशी फोटो काढा, बिल जपून ठेवा. सलून दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.